गुंजनची गाठी

जरीपटका वस्तीतल्या आमच्या कौतिका वहिनींनी नातीला, गुंजनला, सहा वर्षं कडेवरच वाढवलं. ती कधी पायांवर उभी राहिली नाही, तिची जीभ वळली नाही. तपासणीचा कागद वाचून डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं, "साखरेचा जन्मजात दोष आहे." वहिनींना एकच शुगर माहीत होती, आमचा दादा तिनेच गेला. त्या दिवसापासून गुंजनचं गोड बंद झालं.

मागच्या होळीला मी तिच्या गळ्यात साखरेची गाठी घातली. वहिनींनी ती लगेच काढून घेतली. "काहून घातली, भाऊजी? पोरीले शुगर आहे नं!" एरवी हात न उचलणाऱ्या गुंजननं गाठीकडे हात केला आणि रडत राहिली.

या माघात ती निमोनियानं गेली. मी वहिनींसोबत डॉक्टरीणबाईंकडे गेलो.

"एक दाणा गोड नाही दिला बाई, तरी गेली."

बाई चमकल्या. "गोड का बंद केलं? ती खायची साखर नव्हे, आजी. गर्भात पेशी एकमेकींना निरोप देतात. ते निरोप घेणाऱ्या प्रथिनांवर साखरेच्या बारीक माळा असाव्या लागतात. गुंजनच्या माळा अपुऱ्या होत्या, म्हणून निरोप नीट पोचले नाहीत आणि तिचं शरीर नीट घडलं नाही."

"मंग गाठी खाल्ली असती तं चाललं असतं?"

"चाललं असतं."

बाहेर हातगाडीवर गाठ्या टांगल्या होत्या. वहिनी थांबल्या.

"तिनं हात उचलला होता नं, भाऊजी?"

मी हो म्हणालो.