क्विन घराण्याचं मूळ गाव

माझ्या वडिलांना नवा माणूस भेटला की ते आधी आडनाव विचारतात आणि मग मूळ गाव. आपल्याकडच्या माणसाला यात वावगं काही वाटत नाही. पण इथे अमेरिकेत, ईडन प्रेरी गावात, गेली चाळीस वर्षं ते पोस्टमनला, दातांच्या डॉक्टरला आणि एकदा तर दंडाची पावती फाडणाऱ्या पोलिसालाही हेच विचारत आले आहेत. त्या पोलिसाचं आडनाव लिंडक्विस्ट होतं. तुमची माणसं मूळची स्वीडनची, असं बाबांनी त्याला समजावून सांगितलं. त्याने पावती फाडलीच.

बाबा म्हणजे मोरेश्वर पिंपळगावकर. १९७१ साली इंजिनिअरिंग शिकायला मिनेसोटात आले, थर्मोस्टॅट बनवणाऱ्या एका कंपनीत तीस वर्षं राबले आणि निवृत्त झाल्यावर त्यांनी आमच्या घराण्याच्या कुलवृत्तांताचा अमेरिका विभाग अंगावर घेतला. एका आडनावाची सगळी माणसं, त्यांचा मूळ पुरुष, त्यांचं मूळ गाव, कोणाचा मुलगा कोण, हे सगळं त्या ग्रंथात असतं. मुलग्यांच्या खाली रेघा उतरत जातात. मुली एका ओळीत संपतात. माझी ओळ 'कन्या वैदेही, विवाहित' एवढीच आहे. माझी मुलगी सिया त्यात नाही. जिने तीस वर्षं या माणसाचा डबा भरला ती माझी आई मालिनी कंसात आहे, माहेरच्या आडनावासकट. यावरून मी भांडले तेव्हा बाबा म्हणाले, "अगं, तुझी नोंद सत्यजितरावांच्या कुलवृत्तांतात होईल ना." सत्यजित माझा नवरा. त्याच्या घराण्याने असलं काही कधी छापलेलं नाही आणि त्यावाचून त्यांचं काही अडलेलंही नाही.

आता पिंपळगाव नावाची गावं महाराष्ट्रात जिकडे तिकडे आहेत. त्यातलं आमचं कुठलं, हे घरात कोणालाच माहीत नव्हतं, कारण आजोबा लहानपणीच पोरके झाले होते. बाबांनी त्यावर इंजिनिअरचा उपाय काढला. फोनच्या डिरेक्टऱ्या, मतदार याद्या, लग्नपत्रिका, मिळेल ते जमवलं आणि ज्या पिंपळगावाच्या आसपास सगळ्यात जास्त पिंपळगावकर निघाले ते आपलं, असं ठरवून टाकलं. त्यांचं एकदा ठरलं की ठरलं.

आठ वर्षांपूर्वी आई गेली. आजारपणात ती मला दोनदा म्हणाली होती, "मला कुठे लांब नेऊ नका गं. मागच्या तळ्यापाशीच असू दे." घरामागच्या त्या तळ्याला ती रोज संध्याकाळी एक फेरी मारायची. मी हे बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "आपल्या माणसांत जायला हवं तिने." दोन दिवस मी भांडले आणि शेवटी थकून गप्प बसले. आम्ही अस्थी घेऊन भारतात गेलो, त्या पिंपळगावाला गेलो. नदीच्या घाटावर आम्हाला ओळखणारं कोणी नव्हतं. एक माणूस मोटरसायकल धूत होता, त्याने ती जरा बाजूला घेतली. ते मी बाबांना अजून माफ केलेलं नाही.

लेन क्विन बाबांच्या शेजारी राहायचा. घरं गरम ठेवणाऱ्या भट्ट्या दुरुस्त करायचा, मग निवृत्त झाला. हा विलक्षण बुजरा माणूस. बायको पेगी सोबत नसेल तर कोणाच्या घरी जेवायला जायचा नाही. हॉटेलात त्याला झोप लागत नसे म्हणून दोघांनी प्रवास असा केलाच नाही. बाबांचं आणि त्याचं मात्र जमलं. दोघे शेजारीशेजारी बर्फ उपसायचे आणि तासभर एक शब्द बोलायचे नाहीत. तो त्यांना 'मो' म्हणायचा.

तीन वर्षांपूर्वी लेनला कॅन्सर निघाला आणि डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. त्या आठवड्यात तो एकटा बाबांच्या दारात आला. त्याचं बोलणं अर्थात इंग्रजीतलं, मी मराठीत सांगते. "मो, तू लोकांचं मूळ शोधतोस ना? माझं शोध. मला माझ्या माणसांत ठेव असं मी पेगीला सांगितलंय. पण माझी माणसं कुठे आहेत ते मलाच माहीत नाही." त्याचा आजा टॉमस क्विन आयर्लंडहून आला आणि तरुणपणीच वारला, यापलीकडे घरात कोणी काही सांगितलेलं नव्हतं.

पेगीने दोन गोष्टी आणून दिल्या. बुटांच्या एका खोक्यात क्विनांचे कागद होते आणि बिस्किटांच्या एका डब्यात लेनच्या आजीची पत्रं. आजी ब्रिजेट, माहेरची होगन. बाबांनी डबा उघडला, पाकिटावर होगन नाव पाहिलं आणि झाकण लावलं. "हे तिच्या माहेरचं," म्हणाले. डबा बेसमेंटमधल्या फळीवर गेला.

मग काम सुरू झालं. एकोणिसाव्या शतकात आयर्लंडात जमिनीची मोजणी झाली होती. कोणत्या गावात कोणत्या नावाचा कुळवाडी, हे सगळं त्यात आहे. बाबांनी जेवणाच्या टेबलावर आयर्लंडचा नकाशा पसरला आणि दर क्विनामागे एक लाल टाचणी टोचली. उत्तरेकडे टायरोन जिल्ह्यात टाचण्यांची नुसती गर्दी झाली. खाली क्लेअरमध्ये थोड्या होत्या, मध्ये लाँगफर्डमध्ये थोड्या. "हे इथून तिकडे पांगलेले," बाबा म्हणाले. टायरोनमधल्या एका गावात त्यांना टॉमस क्विन सापडला. खोक्यातल्या कागदांशी वय जुळलं, बापाचं नाव जुळलं. जवळच्या स्मशानभूमीत क्विनांचं जुनं थडगंही निघालं. लेन पलंगावर होता. त्याने त्या गावावर अंगठा ठेवला आणि म्हणाला, "म्हणजे ही माझी माणसं." नंतर तो नकाशा पलंगासमोरच्या भिंतीवर लावलेला होता. मार्चमध्ये लेन गेला तेव्हाही तो तिथेच होता.

तिकडच्या पाद्रीबाबांनी पुरावा मागितला. बाबांनी अकरा पानांची वंशावळ करून खाली सही ठोकली. त्या थडग्याचं आता कोणी उरलेलं नाही, राख तिथे ठेवायला हरकत नाही, असं उत्तर आलं. पेगीकडे अंत्यविधीवाल्यांनी राख भरून दिलेला पितळी डबा होता. तिने बाबांना विचारलं, हा डबाच पुरू का? बाबा म्हणाले, "डब्यात कशाला कोंडायचं? मातीत मिसळू दे. आमच्यात असंच करतात." तिने तसंच केलं. मे महिन्यात दोन्ही मुलांना घेऊन ती टायरोनला गेली. तिथून तिने फोटो पाठवला. ओल्या गवतात गुडघे टेकून ती बसली आहे आणि आयुष्यात पहिल्यांदाच दाढीबिढी केल्यासारखी तिची दोन्ही मुलं मागे उभी आहेत. बाबांनी तो फोटो टेबलावर लावला. मला तेव्हा क्विनांचा हेवा वाटला, हेही सांगून टाकते. परक्या माणसासाठी बाबांनी किती केलं होतं.

गेल्या ऑक्टोबरात बाबांचे गुडघे इतके दुखायला लागले की त्यांनी आमच्याकडे राहायला यायचं ठरलं. मी त्यांचं बेसमेंट आवरायला गेले आणि तो बिस्किटांचा डबा हाती लागला. परत करायच्या आधी सहज उघडला. वरचंच पत्र १९११ सालचं होतं. ब्रिजेटच्या बहिणीने ते गावाहून लिहिलं होतं. बाबा खुर्चीत बसले होते, मी मोठ्याने वाचलं. "टॉमच्या आईला बुधवारी मातीत ठेवलं. आपल्या आईपासून चार पावलांवर जागा मिळाली. तुम्हा दोघांचा बाप्तिस्मा झाला त्याच चर्चच्या मागे." वरच्या कोपऱ्यात गावाचं नाव होतं आणि खाली क्लेअर, टायरोन नाही.

खोटं कशाला सांगू, पहिल्यांदा मला बरंच वाटलं. माहेरचं म्हणून फळीवर टाकलंत ना, मग भोगा आता, असं अगदी ओठांवर आलं होतं. मग मी बाबांचं तोंड पाहिलं.

तीन दिवस ते कॉम्प्युटरसमोरून उठले नाहीत. क्विन हे एक घराणं नव्हतंच. कॉन नावाचे वेगवेगळे पुरुष वेगवेगळ्या भागांत होऊन गेले, त्या प्रत्येकाचे वंशज क्विन झाले आणि त्यांचा एकमेकांशी काडीचा संबंध नव्हता. हे कुठल्याही साध्या पुस्तकात पहिल्या पानावर सापडलं असतं. बाबांना ते बघायची गरजच वाटली नव्हती. एक आडनाव म्हणजे एक मूळ पुरुष आणि एक गाव, हे त्यांच्या अंगात इतकं मुरलेलं. क्लेअरच्या चर्चच्या नोंदवहीत लेनच्या आजोबांचा बाप्तिस्मा मिळाला. टायरोनचा टॉमस क्विन कधी देश सोडून गेलाच नव्हता. तो म्हातारा होऊन गावातच मेला होता आणि ज्या थडग्यात लेनची राख घातली ते त्याचंच होतं.

"बाबा, पेगीला नका सांगू," मी म्हणाले. "तिचं हार्ट बघा, डॉक्टरांनी हल्ली फ्लाइटसुद्धा अलाउड केलेली नाही. आता सांगून काय फिक्स होणार आहे?"

"चुकीची नोंद तशीच ठेवायची?"

"नोंद नाहीये ती, बाबा. माणूस आहे."

"म्हणूनच," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांना हाताला धरून शेजारी नेलं. पेगीच्या स्वयंपाकघरात बसून त्यांनी सगळं सांगितलं, आपली चूक कुठे झाली तेही. बिस्किटांचा डबा टेबलावर ठेवला. पेगीने पत्र दोनदा वाचलं.

"मग ते थडगं कोणाचं?" तिने विचारलं.

"दुसऱ्या क्विनांचं."

"आपल्या ओळखीचे नाहीत?"

"नाहीत."

"लेनला तिथून हलवता येईल का?"

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मीच म्हणाले, "राख मातीत मिसळली, पेगी."

तिने पत्र घडी करून डब्यात ठेवलं. मग म्हणाली, "तो माझ्याशिवाय कोणाकडे जेवायलासुद्धा जायचा नाही." ती बाबांवर चिडली नाही. चिडली असती तर बरं झालं असतं. "मो, तू आता घरी जा," एवढंच म्हणाली. त्यानंतर बाबांनी दोनदा फोन केला, तिने उचलला नाही.

जानेवारीत ती गेली. मुलांनी तिला इथल्याच स्मशानभूमीत ठेवलं आणि दगडावर दोघांची नावं कोरली. लेनच्या नावाखालच्या मातीत काहीच नाही. मुलांना ती पत्राबद्दल काही बोलली नसावी, कारण त्यांनी बाबांशी प्रेमाने हात मिळवले आणि आभार मानले. त्या आभारांनी बाबा पार खचले. बर्फात काठी टेकून उभे होते. आजूबाजूला कितीतरी अनोळखी माणसं होती, पण त्यांनी एकालाही आडनाव विचारलं नाही.

फेब्रुवारीत पुण्याहून एकनाथकाकांचा फोन आला. कुलवृत्तांताचे संपादक तेच. अमेरिका विभाग छपाईला पाठवायचा होता. "मोरेश्वरा, तेवढा मूळ गावाचा मजकूर एकदा डोळ्यांखालून घाल." बाबा म्हणाले, "तो मजकूर काढून टाका. मला माहीत नाही." एकनाथकाका हसले, त्यांना ती थट्टा वाटली. बाबांनी फोन ठेवून दिला.

आता ते आमच्या घरी असतात. सिया शाळेतून येते, "हाय आजोबा, यू ओके?" म्हणते आणि वर जाते. गेल्या रविवारी मी त्यांना चहा द्यायला गेले तर पलंगावर महाराष्ट्राचा नकाशा पसरलेला होता. कुठेही टाचणी नव्हती. पेन्सिलीने त्यांनी एकेका पिंपळगावाभोवती गोल काढले होते. खानदेशात, मराठवाड्यात, नगरकडे, नाशिककडे, सगळीकडे. गोल मोजायचा मी प्रयत्न केला आणि सोडून दिला. चहा तसाच राहिला.

"वैदू," त्यांनी विचारलं, "तुझ्या आईला मी कुठे सोडून आलो गं?"

आठ वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत होते. कधीतरी ते विचारतील आणि मग मी त्यांना काय काय ऐकवीन, हे मी मनात कितीदा घोकलं होतं. आता ते ऐंशीला टेकलेले, हातात पेन्सिल घेऊन माझ्याकडे बघत होते आणि मला त्यातलं एक वाक्य बोलवेना. तिला कुठे राहायचं होतं ते तिने आधीच सांगून ठेवलं होतं. आम्ही ऐकलं नाही. आम्ही म्हणते, कारण विमानात सतरा तास तिला मांडीवर घेऊन मीच बसले होते.