दक्षिणेच्या भिंतीवरचा आरसा

काल सुनेने दक्षिणेच्या भिंतीवर आरसा लावला, तर शेजारीण म्हणाली, "अहो, अशाने घरात संकट येतं!" मला एकदम उत्तरेतलं, भोसले घाटाजवळचं माहेर आठवलं.

इंग्रजांचा अंमल होता. अकरा वर्षांची मी देवीच्या आजारातून नुकती उठले होते आणि तोंडभर वण राहिले होते. काकांनी घरातला एकुलता एक आरसा कोठीत ठेवला. म्हणाले, "दक्षिणेला होता, म्हणूनच हे झालं." पण मी स्वतःला बघू नये म्हणून तो काढलाय, हे मला कळत होतं.

एका सकाळी सगळे संकठादेवीच्या दर्शनाला गेले. मी आरसा काढला, परकराने पुसला आणि त्याच खुंटीला अडकवला. पाहिलं आणि रडू फुटलं, तरी नजर हटवली नाही.

काका परतले नि कडाडले, "तो शीशा आधी उतरव!"

"नाही उतरवणार. तोंड माझं आहे, काका. मला त्याची लाज नाही."

त्यांनी हात उगारला. तेवढ्यात आई मध्ये आली, मला आरशासमोर बसवून माझी वेणी घालू लागली. काकांचा हात खाली आला.

त्यांना माझं दुःख बघवत नव्हतं, हे आज समजतं. तरीही मी आरसा उतरवला नसता.