भागुबाई आणि ढगांचा उभा दावा

नाशिकजवळच्या गिरणारे गावातल्या भागुबाईंना ढगांची भीती वाटायची, आणि त्यांची मुलगी ढगांत जायची नोकरी करत होती. गावात कुणी हे ऐकलं की आधी हसायचं. भागुबाई हसत नसत.

भीतीला कारण होतं. चैताली शाळेत असताना बांधावरच्या आंब्यावर वीज पडली. खाली बांधलेली गाय जागीच गेली. जरा पलीकडे उभे असलेले सावळीराम, म्हणजे भागुबाईंचे मालक, वाचले. पण त्यांचा डावा कान कायमचा गेला. तेव्हापासून आभाळ भरून आलं की भागुबाई टीव्हीची पिन काढायच्या, सगळ्यांना हाका मारून घरात घ्यायच्या आणि दारातून हलायच्या नाहीत.

चैतालीचं उलटं झालं. वीज त्या आंब्यावरच का पडली, ढगात एवढं पाणी असतं तर ते आधीच खाली का येत नाही, असले प्रश्न तिने सोडलेच नाहीत. नाशिकला बीएस्सी, पुढे पुण्याला शिक्षण, आणि आता पावसाळ्यात एका संशोधन पथकाबरोबर छोट्या विमानातून ढगात शिरून थेंब मोजायचे. मराठवाड्यातल्या एका धावपट्टीवरून विमान उडायचं. उतरलं की ती घरी फोन करायची, “आई, उतरले.” तोवर भागुबाई जेवायला बसत नसत.

एकदा तिने मोठ्या हौसेने सांगितलं, “आई, ढगातलं पाणी शून्याच्या खाली गेलं तरी लगेच गोठत नाही. गोठायला त्याला धुळीचा एखादा कण लागतो. नाही मिळाला तर पाणी पाणीच राहतं.”

“आन् तुमचं इमान त्यात शिरलं तर?”

“मग ते पंखाला लागून गोठतं. पण त्याची सोय असते गं विमानात.”

सोय असते, हे भागुबाईंच्या कानापर्यंत पोचलंच नाही. पंखाला गोठतं, एवढंच मनात रुतलं.

भाद्रपदातली गोष्ट. टोमॅटोचा खुडा सुरू होता. सकाळी चैताली फोनवर म्हणाली, “आज ढग चांगले उंच आहेत.” तिच्या आवाजात आनंद होता. दुपार कलली तरी फोन नाही. भागुबाईंनी लावला तर बंद.

त्या सावळीरामांच्या उजव्या बाजूला जाऊन बसल्या. “अहो, पोरीचा फोन बंद हाय.”

“चार्जिंग संपलं असंल.”

“दुसऱ्या कुनाचा घेऊन केला असता.”

सावळीरामांनी क्रेट भरणं थांबवलं नाही, पण पिकले-हिरवे एकत्रच टाकू लागले. ते पाहून भागुबाईंना जास्तच धसका बसला.

हाताला चाळा म्हणून त्या कडेच्या सरीत शिरल्या. तिथे अळीने पानं कुरतडली होती आणि टोमॅटोच्या पाल्याचा उग्र वास सुटला होता. गेल्या सुट्टीत चैताली याच सरीत बसून म्हणाली होती, की हा वास म्हणजे झाडाची हाकाटी असते. शेजारचं झाड तो पानांतून आत घेतं आणि अळी यायच्या आधीच स्वतःत कडू रस तयार करायला लागतं. आणि झाडाझुडपांचे असे वास वर हवेत गेले की त्यांचे बारीक कण होतात. ढगाचा थेंब धरायला असलेच कण लागतात.

तेव्हा भागुबाईंना गंमत वाटली होती. आता त्यांनी वर आभाळाकडे पाहिलं. आपल्याच रानातून वर गेलेलं काहीतरी आज पोरीच्या वाटेत आडवं आलं असेल का? वेडगळ विचार आहे हे कळत होतं, तरी त्या सरीतून घाईने बाहेर आल्या.

परक्या माणसाला त्या कधी फोन करत नसत. त्या दिवशी मोबाईलमध्ये चैतालीने साठवून दिलेला ऑफिसचा नंबर त्यांनी लावला.

“मी चैतालीची आई बोलते, नाशिकहून. पोरगी उतरली का?”

पलीकडचा माणूस गडबडला. “काकू, विमान दुसरीकडे वळवलंय. थांबा, विचारून सांगतो.” आणि लाइन तुटली. पुन्हा लावला तर नुसता व्यस्त.

“काय म्हनला?” सावळीरामांनी विचारलं.

“वळवलंय म्हनं.”

“मंग उतरंल.”

“तुम्हाला काय ठावं?” त्या ओरडल्या. सावळीरामांनी खुडा थांबवला. दोघं घरी येऊन ओट्यावर बसून राहिले.

दिवेलागणीला अनोळखी नंबरवरून फोन आला. “आई, मी. हैदराबादला उतरलोय. माझा फोन तिकडे ऑफिसातच बॅगेत बंद पडून राहिला.”

“पंखाला गोठलं का?”

“हो. नेहमीपेक्षा जास्त. पायलटने खाली उबदार हवेत आणलं, तेव्हा वितळलं. आई, मी घाबरले होते गं.”

ही नोकरी सोड, असं म्हणायचं भागुबाईंनी दुपारभर घोकून ठेवलं होतं. पण पोरीचा आवाज कापत होता. वीज पडली तेव्हाही ती आईला बिलगून अशीच कापत होती, आणि आपणही तेव्हा तिच्याइतक्याच घाबरलो होतो.

“मग थेंब मोजले का न्हाई?” त्यांनी विचारलं.

“मोजले ना. तेच तर…” चैताली सांगू लागली. कुठल्या उंचीवर पाणी होतं, कुठे बर्फाचे कण सापडले. भागुबाईंना निम्मंही कळलं नाही. त्या हुं-हुं करत राहिल्या, तिचा आवाज सरळ होईपर्यंत.

पुढच्या आठवड्यात ती घरी आली. बापाबरोबर रोपवाटिकेत उभी होती, भागुबाईही तिथेच होत्या. लावणीआधी सावळीराम रोपांचं पाणी तोडून त्यांना ताण द्यायचे.

ती बापाला म्हणाली, “दादा, ताण सोसलेलं रोप तो लक्षात ठेवतं. पुढच्या वेळी पानांची छिद्रं लवकर मिटून घेतं.”

“तुझ्या आईसारखं,” सावळीराम म्हणाले.

“पण बरेच दिवस नीट पाणी मिळालं की झाड ते विसरतंही, आई.”

“झाडाला जमत असंल,” भागुबाई म्हणाल्या. “मला नाय जमायचं. तू जा. फक्त तुझ्या पायलटाचा नंबर मला देऊन ठेव.”

चैतालीने दिला. सोमवारी विमान पुन्हा उडालं. सावळीराम भागुबाईंसाठी भाकरी झाकून ठेवून रानात गेले. भागुबाई दारात उभ्याच होत्या.