वारंगा ते गोरेगाव : साडेपाच तास बांधून ठेवलेली खिचडी

नांदेडहून गोरेगाव काही फार लांब नाही. सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला तिथे पोचतो. मला मात्र सत्तावन्न वर्षं लागली. वडील तिथे तलाठी होते. सातवीपर्यंत मी तिथल्याच शाळेत शिकलो, मग त्यांची बदली झाली आणि गाव मागे पडलं. फेब्रुवारीच्या शेवटाला एका सकाळी दाढी करताना चौथीच्या पुस्तकातली एक कविता आपोआप तोंडात आली. मुलं ओढ्याकाठी जातात, शिदोरी सोडतात, एकमेकांच्या भाकरीतला घास पळवतात, एवढीच ती कविता. आमचे गुरुजी ती चालीवर म्हणायचे आणि आम्ही शाळेच्या पायरीवर बसून खरोखरची शिदोरी सोडायचो. अर्ध्या दाढीनेच मी स्वयंपाकघरात गेलो आणि सुमनला म्हणालो, "या रविवारी गोरेगाव."

सुमन, माझी बायको, म्हणाली, "बरं. दशम्या करून घेते."

दुधात कणीक भिजवलेल्या तिच्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात. पण मला त्या दिवशी उदार व्हायचं होतं. "जन्मभर पहाटे उठून डबे केलेस. या खेपेला काही करायचं नाही. वाटेत वारंग्याची खिचडी बांधून घेऊ आणि शाळेच्या पायरीवर बसून खाऊ."

ती हसली. पिशवीत तिच्या मधुमेहाच्या गोळ्या, पाण्याची बाटली आणि दोन स्टीलच्या ताटल्या टाकल्या.

जाणाऱ्यांसाठी सांगतो : नांदेडहून हिंगोलीकडे सकाळपासून एसटी आहेत. आम्ही पावणेसातची धरली. ज्येष्ठ म्हणून मला अर्धं तिकीट, बाई म्हणून तिला अर्धं, म्हणजे दोघं मिळून एक प्रवासी. डाव्या हाताची खिडकी घ्या, सकाळचं ऊन लागत नाही. डोंगरकड्याच्या आसपास दोन्ही बाजूंना हळदीची शिवारं होती, काढणी चालू होती आणि उकडलेल्या हळदीचा वास खिडकीतून आत येत होता. मी गुणगुणत होतो. सुमनने पदर डोक्यावर घेऊन डोळे मिटले होते.

आठच्या सुमाराला वारंगा फाटा. इथे गाडी दहा-पंधरा मिनिटं थांबते. खिचडीच्या गाड्या, हॉटेलं रांगेने आहेत. मी एका पत्र्याच्या शेडमध्ये शिरलो, कारण तिथे स्वच्छता दिसली. पातेल्यावर झाकण, पाण्याच्या पिंपाला तोटी, ताटल्या उकळत्या पाण्यातून काढलेल्या. पन्नाशीची एक बाई चुलीपाशी उभी राहून वाढत होती. पदर खोचलेला, केस रुमालात बांधलेले.

"दोन पार्सल," मी म्हणालो.

"कुठवर चालले काका?"

"का हो?"

"लांब जायाचं असंल तर म्या बांधून देत न्हाई. खिचडी ऊन ऊन खायाची चीज हाये. पिशवीत कोंडली की नासती. हितंच बसून खा, ड्रायव्हरला थांबवून धरते, माझ्या वळखीचा हाये."

माझ्यामागे उभा असलेला एक ट्रकवाला म्हणाला, "बाबा, मावशी पोलिसासारखं इचारते. मलाबी काल न्हाई दिली."

"तुला न्हाईच देणार. तू पुसदला जाऊन खातो अन् मंग मला फोन करतो, पोट दुखून राहिलं म्हणून."

सगळे हसले. मीही हसलो आणि म्हणालो, "बाळापूरला उतरतोय. अर्ध्या तासात खाऊ."

बाळापूर पुढचंच गाव. मला तिथे उतरायचं नव्हतं. बाईने माझ्याकडे पाहिलं, माझ्या पांढऱ्या केसांवर विश्वास ठेवला आणि खिचडी एका पिशवीत, कढी वेगळ्या पिशवीत बांधून दिली. "बराबर खाऊन घ्या मंग. ठिवू नका."

हे सुमनने ऐकलं नव्हतं. ती गाडीतच होती.

हिंगोलीला दहाला पोचलो. स्टँडवरच्या शौचालयात पाणी होतं, साबण नव्हता. तो घरून न्या. तिथून सेनगावमार्गे गोरेगावला जीप मिळतात, पण जीप भरेपर्यंत हलत नाही आणि रविवारी ती भरता भरता बारा वाजले. खिचडीची पिशवी मी मांडीवरून काढून पुढच्या काचेखाली ठेवली, सांडू नये म्हणून. तिथे ऊन सरळ पडत होतं. "ऊन लागतंय तिला," सुमन म्हणाली. "गरम राहील," मी म्हणालो.

दीड वाजता गोरेगाव. बाजाराची जागा ओळखू आली नाही, पण शाळेची आली. इमारत नवी होती, पायऱ्या मात्र जुन्याच, काळ्या दगडाच्या, मधे झिजलेल्या. फाटकाला नुसती कडी होती. रविवार मी मुद्दाम निवडला होता, शाळा रिकामी मिळावी म्हणून. सुमनने जेवणाआधीची गोळी घेतली, ताटल्या मांडल्या, पिशवीची गाठ सोडली. थोडी थांबली.

"अहो, आंबूस वास येतोय का?"

"कढीचा असेल."

"कढी अजून सोडली नाही."

"अगं, खाऊन तर बघ. याच पायरीवर बसायचो आम्ही."

मी चार घास खाल्ले आणि उठलो. वर्ग पाहायचे होते, गुरुजींची खुर्ची कुठे असायची ते आठवायचं होतं. खिडकीच्या गजांना धरून मी पूर्ण कविता म्हटली, चालीसकट, एकही ओळ न चुकता. परत आलो तेव्हा तिची आणि माझीही ताटली रिकामी होती.

"टाकवेना," ती म्हणाली. "तुम्ही एवढ्या हौसेने आणलेली."

साडेतीनला तिला पहिली उलटी झाली. आम्ही बाजारातल्या एका दुकानाच्या ओट्यावर बसलो होतो. मला वाटलं, उन्हाने. लिंबूपाणी दिलं, ते तसंच बाहेर आलं. मग तिसरी, चौथी, आणि पोटात मुरडा. दुकानदाराने सांगितलं की गावातले डॉक्टर रविवारी दुपारनंतर नसतात, सेनगावला न्या. जीप उभी होती, आत दोनच माणसं. ड्रायव्हर तिशीचा, तंबाखू मळत होता. सुमनला पाहून त्याने हातातली तंबाखू झटकली.

"काकूला मागच्या सीटवर आडवं करा. पाव्हणे, तुमी दोघं उतरा जरा, दुसऱ्या गाडीनं या."

उतरणाऱ्यांपैकी एक कुरकुरला, "आमी तासभर बसून राहिलो ना!"

"मंग आनखी बस की लेका. तुझी माय असती तर म्या थांबलो असतो का?"

रस्ता मधे मधे उखडलेला आहे. जाणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावं. मला प्रत्येक खड्डा आठवतो, कारण प्रत्येक खड्ड्याला तिचं डोकं माझ्या मांडीवर आपटत होतं. अर्ध्या वाटेत ती घामाने निथळली. हात गार पडले. मी विचारलं, "सुमन, बरं वाटतंय का?" ती म्हणाली, "दूध उतू जाईल." पुन्हा विचारलं, तर तिने माझ्याकडे पाहिलं, पण नजर कुठे लागलीच नाही.

मी ड्रायव्हरच्या खांद्याला धरलं.

त्याने आरशात पाहिलं. "काकूला शुगर हाये का?"

"आहे."

"गोळी घेतली होती?"

"जेवणाआधी."

"मंग साखर उतरली. माझ्या मायला असंच होतं." त्याने एका टपरीपाशी करकचून ब्रेक मारला, उतरला, मूठभर साखर कागदात घेऊन आला. "गालात धरा. पाणी नका देऊ, ठसका लागंल. थोडी थोडी."

चिमटीने मी साखर तिच्या गालात ठेवत होतो. एरवी मला कुठल्याही प्रसंगाला दोन ओळी सुचतात. तेव्हा एक अक्षर सुचलं नाही. फक्त तिचा गाल हलतोय का, एवढंच मी पाहत होतो. सेनगावची घरं दिसायला लागली तेव्हा तो हलला, आणि ती म्हणाली, "गोड आहे."

ड्रायव्हरने दवाखान्याच्या दारात जीप लावली. भाड्याचं विचारलं तर म्हणाला, "आधी आत चला," आणि तिला उचलायला लागला.

डॉक्टर तरुण होत्या. साखर तपासली, ती अजूनही कमीच होती. सलाइन लावलं. मला बाहेर बसवलं. बाकावर बसून मी मोबाइल काढला आणि आमच्या जुन्या वर्गमित्रांच्या ग्रुपवर लिहिलं : वारंगा फाट्यावरची खिचडी खाऊ नका, पत्र्याच्या शेडमध्ये बाई करते तिची तर मुळीच नको, माझी पत्नी मरणाच्या दारात आहे. सगळे काना-मात्रा बरोबर आले. राग आला की माझी भाषा शुद्ध होते. कुणीतरी लगेच विचारलं, पुढे पाठवू का? मी लिहिलं, पाठवा.

मग डॉक्टरांनी आत बोलावलं. "आजोबा, खिचडी किती वाजता घेतली आणि किती वाजता खाल्ली?"

"सकाळी घेतली... वाटेत खाल्ली."

"वाटेत म्हणजे?"

सुमनने डोळे उघडले. आवाज अगदी बारीक होता. "आठला बांधून घेतली. दीडला खाल्ली. ह्यांना शाळेत खायची होती."

डॉक्टरांनी लिहून घेतलं. "भात साडेपाच तास बंद पिशवीत, असल्या उन्हात? आजी, तुम्हाला वास नाही आला?"

सुमनने माझ्याकडे पाहिलं. "आला होता," एवढंच ती म्हणाली.

मी सलाइनचे थेंब मोजू लागलो. मोजता मोजता ते चालीत पडायला लागले तेव्हा मला स्वतःची शिसारी आली. मी भिंतीकडे तोंड करून बसलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी साखर ठीक आली, पाणी पोटात टिकलं, सोडलं. हिंगोलीहून नांदेडची एसटी धरली. वारंग्याला गाडी थांबली तेव्हा सुमनला झोप लागली होती. मी उतरलो.

शेडमध्ये गिऱ्हाईक नव्हतं. शेजारच्या दोन्ही गाड्यांवर होतं. बाईने मला लगेच ओळखलं.

"काका! बाळापूरवाले!" मग मोबाइल पुढे केला. "हे वाचून सांगा बरं जरा. सकाळपासून लोक दाखवून राहिले. कोण्या मास्तरासारख्या मानसानं लिवलंय. माझीच शेड हाये ना ही?"

माझाच मजकूर होता. एकही चूक नव्हती त्यात.

"हे मी लिहिलं," मी म्हणालो. "बाळापूरला मी उतरलो नाही. गोरेगावला नेली. दीड वाजता खाल्ली."

तिने डाव ठेवून दिला. गाडीचा हॉर्न वाजला.

"काकू कशी हाये?"

"बरी आहे. गाडीत झोपलीय."

"मंग झालं." ती चुलीकडे वळली. "पर काहून खोटं बोलले ओ तुमी? म्या इचारलं होतं ना तुमाला?"

हॉर्न पुन्हा वाजला आणि मी गाडीकडे निघालो. गाडीत बसून मी ग्रुपवर खरं काय ते लिहिलं आणि हेही पुढे पाठवा म्हणून विनवलं. दोघांनी पाठवलं. पहिला मजकूर किती जणांनी पाठवला होता ते मला ठाऊक नाही. म्हणून इथेही लिहितोय : त्या शेडमधली खिचडी चांगली आहे. तिथेच बसून, गरम खा. बांधून घ्यायची असेल तर खरं गाव सांगा, आणि बाई नाही म्हणाली तर ऐका. सोबत साखरेचा पेशंट असेल तर खिशात साखर ठेवा. रविवारी जाऊ नका.

घरी येऊन तीन आठवडे झाले. सुमन बरी आहे, पूर्वीसारखी कामाला लागली आहे, गोरेगावचा विषय काढत नाही. लेकीला फोनवर तिने सांगितलं, "बाहेरचं बाधलं." माझं नाव घेतलं नाही.

काल दुपारी मी तिच्यासाठी उपमा केला. ताटली पुढे ठेवली. तिने चमचा उचलला, उपम्याकडे पाहिलं आणि विचारलं, "कधी केला?"

"आत्ताच," मी म्हणालो.

ती उठली, स्वयंपाकघरात गेली, कढईला हात लावून आली. मग बसून खाल्ला.