ओली भुजली

आमच्या गावात माझ्याबद्दल एक वाक्य ठरून गेलं होतं : हिच्या नाकावर माशी बसत नाही. इतरांसाठी ती म्हण होती. माझ्या नाकावर खरोखर माशी बसली, तर ती जागा संध्याकाळपर्यंत जळत राहायची. पाटीवरची पेन्सिलीची कर्र, परकराची नाडी, वेणी घालताना मानेला लागणारी मायची बोटं, सगळंच मला फार व्हायचं. कुणी रागावलं तर ताप यायचा. आणि शाळेत घालण्याआधीच मला वाचता येत होतं. मास्तर मोठ्या पोरांपुढे उभं करून तोंडी हिशेब विचारत, मी पटकन सांगे, आणि मग ती पोरं विहिरीवर माझा पिच्छा सोडत नसत. बोलणंही माझं क्रमिक पुस्तकातलं. सगळं गाव ‘जाऊन राहिलो’ म्हणे आणि मी आपली ‘मी जात आहे.’ बाया हसत, “आली वो पुन्याची बाई.”

स्वातंत्र्य मिळून दोन-चार वर्षं झाली असतील. नवेगाव बांधच्या अलीकडे आमचं गाव. गावचा तलाव आमच्या पूर्वजांनी बांधला, असं घरात मोठ्या तोऱ्यात सांगत. त्या तलावात मासे धरणाऱ्यांच्या घरची एक पोरगी पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, जाळं सांधत बसायची. मी तिच्यापासून हातभर दूर बसायची. बगळे, चांदण्या, पाणी कुठून येतं नि कुठं जातं, एकदा बोलायला लागले की मला थांबता येत नसे. घरी म्हणत, “पुरे कर आता.” ती जाळ्यातून मान वर न करता म्हणे, “मंग?” तिनं कधी मला हात लावला नाही आणि का लावू नये, हेही विचारलं नाही. अख्ख्या गावात मला ती एकच हवी होती.

श्रावणात आमच्याकडे पोरी टोपलीत गहू पेरून अंधारात ठेवतात. पिवळे कोंब येतात, ती भुजली. राखीच्या दुसऱ्या दिवशी गात-वाजवत तलावावर न्यायची, पाण्यात शिरवायची, आणि मूठभर कोंब धुऊन जिच्याशी जीव जडला तिच्या कानावर खोचायचे. त्याला भुजली बदणं म्हणतात. जातपात आड येत नाही. बदतात एकदाच, आणि त्यानंतर जन्मभर एकमेकींचं नाव घ्यायचं नाही, ‘भुजली’ म्हणूनच हाक मारायची.

“औंदा आपन बदू,” ती म्हणाली. “पन कानाले खोसा लागते. तुले जमन?”

“जमेल,” मी म्हटलं.

त्या दिवसापासून मी गोठ्यामागे जाऊन कानावर गवताची काडी ठेवू लागले. पहिल्यांदा लगेच झटकली. मग दात आवळून ठेवली. राखीपर्यंत काडी खोचून मी अख्खी कविता म्हणू शकत होते. इतकी खुश मी पहिल्या नंबरानंसुद्धा झाले नव्हते.

पण मी सराव केला होता सुक्या गवताचा. भुजली ओली असते.

पाळीवर गर्दी, ढोलक कानाशी. तिनं हसत कोंब खोचले, आणि मुळ्यांतलं गार गढूळ पाणी कानामागून मानेत उतरलं. माझा हात माझ्या नकळत उडाला. कोंब चिखलात पडले. तिच्या हातालाही फटका बसला असावा, कारण ती तो दुसऱ्या हातात धरून उभी होती. ढोलक थांबलं. मागून एक बाई म्हणाली, “घिन आली तिले. मासोळीचा हात ना.”

हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. मासोळीचा वास गावात मला न बोचणारा एकमेव वास होता. मी बोलायला गेले आणि तोंडातून काय आलं, तर “मला तुझी किळस आलेली नाही. पाणी थंड होते.” पुस्तकातली बाई बोलावी तसं. ती म्हणाली, “बरं.” आणि दुसऱ्या पोरीकडे वळली.

मी पडलेले कोंब उचलून घरी नेले. गोठ्यामागे पाण्यात बुडवून कानावर खोचले. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, पण हात वर गेला नाही. तसेच खोचून मी तिच्या दाराशी गेले. तिच्या कानावर दुसरीचे कोंब होते. “आता कायले?” ती म्हणाली. तिच्या मायनं तिला आत बोलावलं. पुढे तलावावर त्या दोघी एकमेकींना भुजली म्हणून हाका मारत आणि मी घरात पुस्तक उघडून बसे. मी खूप शिकले. मैत्रीण काही झाली नाही.

परवा माझ्या नातीला नागपूरच्या डॉक्टरनं ऑटिझम सांगितला. पोरगी तल्लख असली की लवकर ध्यानात येत नाही, लोकांना ती घमेंडी वाटते, असंही म्हणाला. सून रडू लागली. मला मात्र धावत तलावावर जाऊन एकीलाच सांगायचं होतं की बघ, घिन नव्हती. तिला लग्न करून बोदलकशाकडच्या गावात दिली होती. आहे की नाही, ठाऊक नाही.

तिचं नाव मला पक्कं आठवतं. इथं लिहिलं नाही. भुजलीचं नाव घेत नसतात.