खलातली तांबडी भुकटी

कारंज्यात आमचं औषधांचं दुकान. वडील कंपाउंडर होते. ज्या म्हाताऱ्यांना मोठी गोळी गिळता येत नसे, त्यांना ते ती खलात घोटून कागदाच्या पुड्या बांधून द्यायचे. तोच हात माझ्यात उतरला. धाकटी बहीण मात्र शिकून हैदराबादच्या प्रयोगशाळेत गेली. आंबटपणा ओळखणारे पॉलिमर हा तिचा विषय. आई शेजारणींना सांगायची, “माही पोरगी असं पलाष्टिक करून राह्यली, का ज्याले पोटातलं आंबट समजते.” दिवसभर काउंटरवर उभा राहणारा मुलगा त्या वाक्यात कुठंच नसायचा. माझा जळफळाट व्हायचा, खोटं कशाला बोलू.

मग आईच्या मोठ्या आतड्याला सूज आली, संडासवाटे रक्त जाऊ लागलं. वाशीमच्या डॉक्टरांनी लांबट, तांबड्या गोळ्या दिल्या. त्या तिच्या घशाखाली उतरेनात. मी खल काढला आणि मधातून पुड्या सुरू केल्या.

बहिणीला कळताच तिचा फोन आला. “दादा, फोडू नको. वरचा पापुद्रा पॉलिमरचाच असते. जठराच्या आंबटात तो टिकते, पुढं आतड्यात आंबटपणा सरला का विरघळते. तू घोटलं त औषध वरच्यावरच संपून जाते, खालच्या सुजेपर्यंत पोचतच नाही.”

मला हे माहीत नव्हतं असं नाही. पाकिटावरही लिहिलेलं होतं. पण तिच्या तोंडून ऐकलं आणि डोकं फिरलं. आता ही मला गोळ्या शिकवणार! “बरं,” म्हणालो आणि घोटत राहिलो. महिनाभर.

रक्त थांबेना. आई वाळत चालली, तेव्हा बहीण रजा काढून आली. ओट्यावरचा खल तिनं पाहिला, आतली तांबडी भुकटी बोटावर घेतली, माझ्याकडे एकदा बघितलं. मग केळ्याच्या फोडीत अख्खी गोळी खुपसून आईला म्हणाली, “दादानं सांगतलं, आता अशी घ्या लागते.”

काही आठवड्यांनी रक्त थांबलं. अंगणात बसून आई शेजारणीला सांगत होती, “पोरगी लय शिकली, पण मले बरं केलं ते माह्या पोरानं.”

हे वाक्य ऐकायला मी जन्मभर तरसलो होतो. बहीण दारातच केळं सोलत बसली होती. तिनं मान वर केली नाही.

तिच्या शिक्षणाचा हेवा कधीतरी ओसरला असता. तिच्या त्या गप्प राहण्याचा अजून वाटतो.