नंदाखालची सुकेळी आणि परत गेलेली ऑर्डर

पुण्याहून घोडबंदरमार्गे वसईकडे जायचं असेल तर पहाटेच निघा. उशीर केलात तर तो रस्ता तुमचा पार घाम काढतो. मी निघालो होतो नंदाखालला, माझ्या मावसबहिणीकडे. मीनाताई कॉलेजात अर्थशास्त्र शिकवते आणि सासरच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी, म्हणजे उन्हात वाळवलेली केळी, करते. माझं काम कारखान्यांना यंत्रं सुचवण्याचं. ताईने वाळवणीचं यंत्र घेतलं तर मुंबईचा एक व्यापारी वर्षभराची ऑर्डर देणार होता. त्याच पैशांतून तिच्या घरचं गळकं स्वयंपाकघर नवं व्हायचं होतं. दुपारी तो उत्तर मागायला येणार होता.

विरारहून आगाशीची वाट धरली की नारळ सुरू होतात आणि आपण एसी बंद करून काचा खाली घेतो.

अंगणात बांबूच्या मांडवावर सोललेली केळी पसरली होती. ताई आणि तिची मोठी जाऊ एकेक केळं हाताने उलटत होत्या. संध्याकाळी सगळी गोळा करून केळीच्या पानांत झाकायची, सकाळी पुन्हा मांडायची. मधाच्या रंगाची होईपर्यंत हेच. मी कपाळाला हात लावला.

"ताई, यंत्रात एका रात्रीत होईल गं!"

"होईल ना. करून बघितलंय मी, चवही बरी आहे. पण त्याला रोज खायला कोण घालणार? आमचे घड थोडे थोडे पिकतात."

"बाहेरून केळी घे."

"मग आमचं काय उरलं त्यात? नाहीतर नारळ, पानवेली काढून नुसती केळीच लावायची. एकदा रोग पडला की बसा बोंबलत. मांडवाचं बरं असतं, केळी नसली की गप्प उभा राहतो."

यंत्राचा विषय मी तिथेच सोडला. तांदळाची भाकरी आणि वालाची उसळ मात्र मी पोटभर खाल्ली.

व्यापारी आला. ताईने नाही म्हटलं, वर चहा आणि सुकेळी दिली. "मॅडम, पुन्हा विचारणार नाही हां," असं म्हणून तो गेला. ताईचा चेहरा उतरला.

"वहिनी, चुकलं का माझं? स्वयंपाकघर राहिलं."

"गळतंय तिथे बादली ठेवू," जाऊबाई म्हणाल्या आणि पुढचं केळं उलटलं.

तुम्हीही जा, थंडी-उन्हाळ्यात, पण आधी विचारून. कधीकधी सुकेळी संपलेली असतात.

पुण्यात घरी ताईने दिलेली सुकेळ्यांची पुडी उघडली आणि बघता बघता संपली. लेक रुसली, "बाबा, एवढीशीच का आणलीत?"

"वाडीत तेवढीच पिकली," मी म्हणालो, आणि ते सांगताना माझी मान अशी काही ताठ झाली होती, की बायको हसायलाच लागली.